ठोंब्यांचे मास्तर

किल्ल्यावर मास्तर म्हणत ते एकाच माणसाला, आणि तो माणूस शाळेत शिकवत नव्हता. सरकारांच्या फौजेतल्या ठोंब्यांना पावलात पाऊल टाकून चालायला शिकवायचं, हे त्यांचं काम. मास्तर अंगानं किडकिडीत, गुडघ्यानं अधू, पण आवाज असा की मैदानाच्या या टोकाला खाकरले तर त्या टोकाची कबुतरं उडावीत. बायको म्हणायची, "तुमचं सगळं सामान गळ्यात भरलंय. बाकी पिशवी रिकामी." मास्तर हसत. घरात मात्र त्यांचा आवाज कधी चढला नाही. घरात तो मान बायकोचा होता.

ठोंबे हे काही त्या बिचाऱ्यांचं खरं नाव नव्हे. डोंगरापलीकडच्या खोल घळींतून सरकारांची माणसं त्यांना जाळी टाकून पकडत आणि झाकलेल्या गाड्यांतून किल्ल्यावर आणत. आपल्या भाषेत ते स्वतःला काय म्हणवतात, हे कुणी विचारलं नव्हतं. दिसायला भयंकर खरे. दारातून वाकल्याशिवाय आत येता येणार नाही अशी उंची, राखाडी खरखरीत कातडी, खालच्या ओठातून वर आलेले दोन सुळे, फावड्याएवढे पंजे. बोलायचे हळू आणि थोडं. म्हणून त्यांना अक्कल नाही असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. खालच्या बाजारात कुणाचा हिशेब चुकला तरी समोरचा म्हणायचा, "ठोंब्या आहेस नुसता!"

आणि सरकार? त्यांचा दरारा काय सांगावा! काळं चिलखत, शिंगांचा मुकुट, विहिरीच्या तळातून आल्यासारखा आवाज. त्यांनी बोट केलं की वाऱ्याची दिशा बदलते, असं लोक म्हणत. सगळं जग जिंकायचं त्यांनी फार पूर्वी ठरवलं होतं. तेवढं नदीपलीकडचं एक गाव मधे येत होतं. त्या गावाकडे चांगले तिरंदाज होते, आणि किल्ला व नदी यांच्यामध्ये होतं उघडंबोडकं माळरान.

आता ठोंब्यांच्या डोळ्यांबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. घळींच्या अंधुक उजेडात वाढलेली ती जात. सूर्य कलला की त्यांना दूरच्या झाडावरची मुंगी दिसे. पण भर दुपारी पुढ्यात हत्ती उभा केला तरी धडकल्यावरच कळावा. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागत आणि सगळं पांढरंफटक होऊन जाई. मास्तरांच्या हे पहिल्याच तुकडीच्या वेळी ध्यानात आलं. नवी नोकरी, नवा उत्साह. ते तडक कारभाऱ्यांकडे गेले.

कारभारी म्हणजे सरकारांचा उजवा हात. गोरेगोमटे, गुबगुबीत, बोलणं लोण्यासारखं. फळ सोलत बसले होते.

"साहेब, एक अडचण आहे. दुपारी दिसत नाही."

"मग डोळे दाखवून घ्या, मास्तर. वय झालं की व्हायचंच."

"मला नाही हो. फौजेला."

"अख्ख्या फौजेला?"

"उन्हात. तिन्हीसांजेला त्यांना लख्ख दिसतं. लढाई जरा उशिरा ठेवली तर..."

कारभाऱ्यांनी सालीची लांब फीत अलगद ताटलीत सोडली. "अहो, तिन्हीसांजेला लढाई ठेवली तर सज्जातून सरकारांना दिसणार काय? जेवण झालं की ते बघायला बसतात. सगळं आवरून झाल्यावर अंधारात त्यांनी काय बघायचं, राख? तुम्ही कवायत बघा. बाकीचं डोकं चालवायला आम्ही आहोत."

मास्तर परत आले. त्यांना राग आला होता, पण तो घरापर्यंत पोचेस्तोवर निवला. गरिबाचा राग तसा लांबचा प्रवास करत नाही. आणि मग, आहे त्यातच काहीतरी करून दाखवायची काहींना खोड असते ना, तशी त्यांनी तोड काढली. प्रत्येक ठोंब्याच्या कमरेला मागून एक कातडी पट्टा बांधला. मागच्यानं पुढच्याचा पट्टा धरायचा आणि सगळ्यांनी मास्तरांचा आवाज ऐकायचा. दिसलं नाही तरी चालेल. वेशीवरच्या बुरुजावर मास्तर उभे राहत आणि ओरडत: उभे राहा. डावे. उजवे. पुढे. अख्खी फौज त्या आवाजाच्या दोरीवर चाले.

'मागे' हा हुकूम मात्र कवायतीत नव्हता. मास्तरांनी घातला होता, कारभाऱ्यांनी काढायला लावला. "सरकारांना तो शब्द ऐकवत नाही," ते म्हणाले.

पट्ट्यांची ही युक्ती सरकारांना इतकी आवडली की मास्तरांना तळघराजवळच्या ओलसर खोलीतून हलवून दोन खोल्यांचं, खिडकीवालं घर मिळालं. ठोंबे तळघरातच राहिले. त्यांना ओलं गवत अंथरायला, कुत्र्यांची जेवणं उरकल्यावर जे उरेल ते खायला, आणि चिलखत नाही. चिलखत वाया जातं, असं कारभाऱ्यांचं म्हणणं. पहिली तुकडी भर दुपारी माळावर गेली. मास्तर 'पुढे' म्हणत राहिले, ती पुढे जात राहिली, आणि नदीच्या अलीकडे संपली. सरकारांनी सज्जात टाळ्या वाजवल्या. लढाई जिंकली नव्हती, पण रांग शेवटपर्यंत सरळ राहिली होती.

दुसरी तुकडी आली तेव्हा गवतावर आधीच्यांच्या अंगांचे खळगे तसेच होते. एका ठोंब्यानं त्या खळग्यावर हात ठेवून विचारलं, "इथं झोपायचे ते कुठं गेले?"

मास्तर माणूस वाईट नव्हते, हेच तर सगळं दुःख. वाईट माणसानं सरळ सांगितलं असतं. मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "त्यांना नदीपलीकडे ठेवून घेतलंय. काम चांगलं केलं ना. तिकडे सावली आहे, गर्द झाडी आहे."

रडणाऱ्या मुलाला आपण म्हणतो ना, आई आत्ता येईल, तितक्या सहज म्हणाले ते. पण त्या तळघरात गोष्ट पसरली. त्या तुकडीची पावलं वेगळीच पडली. माळावर निघाले ते लग्नाला निघाल्यासारखे. सावलीकडे चालले होते ना! आपल्या माणसांना भेटायला चालले होते.

"मास्तर, काय जादू केलीत?" कारभारी म्हणाले. "एकालाही भाला टोचावा लागला नाही." त्या थंडीत मास्तरांना एक लोकरीची शाल मिळाली.

पुढच्या तुकड्यांना ते खोटं मास्तरांनी कुणी विचारायच्या आधीच सांगितलं. पहिल्यांदा दयेनं सांगितलेली गोष्ट दुसऱ्यांदा सवयीनं सांगता येते, आणि तिसऱ्यांदा ती कवायतीचाच भाग होते. शाल मास्तर पांघरत. पण तिच्यात त्यांना झोप लागत नसे. बायकोला वाटे, गुडघा दुखतो.

बायकोला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक होता तो फक्त शहाण्या.

शहाण्या हे नाव मास्तरांनीच चिडून ठेवलेलं. तो ठोंबा प्रश्न फार विचारायचा. "डावे आधी का, उजवे आधी का नाही?" असलं काहीतरी. "फार शहाणा आहेस!" असं मास्तर एकदा म्हणाले आणि तेच नाव चिकटलं. संध्याकाळी विहिरीवरून मास्तरांच्या घरी पाणी भरायचं काम त्याच्याकडे होतं. दोन्ही हातांत दोन दोन घागरी घेऊन तो येई, दाराबाहेरच थांबे आणि पाणी सांडलं तर पंजानं पुसून टाकी. सुरुवातीला बायको दाराआडून "ठेव तिथं" म्हणायची. मग दार उघडं ठेवायला लागली. मग एक दिवस त्याच्यासाठी चुलीपाशी उकडलेले कंद बाजूला काढून ठेवायला लागली. "एवढा मोठा देह आणि खातो बघा कसा, चिमणीसारखा," ती नवऱ्याला सांगायची. मास्तर मान खाली घालून जेवत राहायचे.

त्या संध्याकाळी शहाण्यानं गवताच्या विणलेल्या दोन वहाणा आणल्या. केवढ्या! एकेकीत मांजर झोपावं.

"या कुणाला रे?" बायकोनं विचारलं.

"भावाला. तो मागच्या तुकडीत गेला. पायाला फोड यायचे त्याच्या. उद्या आम्ही जातो, तेव्हा देईन."

"भेटेल तो तुला?"

"मास्तर म्हणाले. नदीपलीकडे सावलीत आहे."

बायको चुलीकडे वळली. तिनं त्याला कंद दिले, तो गेला, आणि मास्तर घरी आल्यावर तिनं ताट वाढलं नाही.

"शहाण्याचा भाऊ कुठं आहे?"

मास्तरांनी पागोटं खुंटीला अडकवलं, पुन्हा काढलं, पुन्हा अडकवलं. "त्यांना काहीतरी सांगावं लागतं गं."

"म्हणजे नाहीये."

"खरं सांगून काय झालं असतं? घाबरले असते. जायचं तर होतंच. निदान आनंदानं गेले."

"तुम्ही त्यांच्यासाठी सांगितलंत?"

"मग कुणासाठी?"

बायकोनं खुंटीवरची शाल काढली, घडी घातली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवली. तिला आणखी काही म्हणायची गरजच नव्हती. तरी ती म्हणाली, कारण ती म्हणणारी होती. "उद्या सकाळी मी बहिणीकडे जाते, डोंगराच्या बाजूला. तुम्हाला काय करायचं ते करा. पण माझ्या काळजीनं गप्प बसलो, असं पुढं कधी मला सांगू नका. ते ओझं मी घेणार नाही."

"मी काही केलं तर ते मला बुरुजावरून खाली फेकतील."

"हो," बायको म्हणाली. "मला माहीत आहे." आणि मग ती रडली, पण शाल तिनं परत उचलली नाही.

सकाळी ती गाठोडं घेऊन गेली, आणि मास्तर तळघरात उतरले. आत अंधूक होतं. मास्तर चाचपडत होते, आणि ठोंबे त्यांच्याकडे शांतपणे बघत होते. तिथं त्यांना सगळं दिसतं, हे मास्तरांना ठाऊक होतं. आपला चेहरासुद्धा.

"तुम्हाला सांगायचंय," ते म्हणाले. केवढा तो आवाज, पण त्या वेळी गवताखाली उंदीर खुडबुडावा तेवढाच निघाला. "नदीपलीकडे कुणी नाही. गेले ते सगळे माळावरच पडले. मी खोटं बोललो."

मागच्या कोपऱ्यातून एकानं विचारलं, "मग तिकडं सावली नाही?"

"नाही रे."

शहाण्या उठून जवळ आला. वहाणा त्याच्या गळ्यात दोरीनं अडकवलेल्या होत्या. "भाऊ पडला तेव्हा तुम्ही बघत होता?"

"हो."

"तेव्हा तुम्ही काय म्हणत होता?"

मास्तरांना हे उत्तर टाळता आलं असतं तर त्यांनी उरलेलं सगळं आयुष्य देऊन टाकलं असतं. "पुढे," ते म्हणाले.

शहाण्या परत आपल्या जागी गेला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. मास्तर घाईघाईनं सांगू लागले, की आज मी 'मागे' म्हणेन, म्हटलं की सगळ्यांनी वळायचं, वेशीकडे नाही, माळाच्या डाव्या अंगाला ओढ्याची खोल घळ आहे तिकडे. मी आवाज देतो, तुम्ही फक्त ऐका. त्यांनी तीन-तीनदा सांगितलं. वळून दाखवलं. एकही ठोंबा उठला नाही. एकानंही त्यांच्याकडे बघितलं नाही. मग शिंग वाजलं आणि पहारेकरी भाले घेऊन खाली आले.

दुपार अशी की तटाच्या दगडावर हात ठेवता येईना. मास्तर बुरुजावर चढले. वर सज्जात सरकार येऊन बसले होते. शेजारी कारभारी ताटली घेऊन उभे. पहारेकऱ्यांनी ठोंब्यांना टोचत टोचत वेशीबाहेर माळावर लोटलं आणि दार लावून घेतलं. एकमेकांचे पट्टे धरून ते उभे राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मागे!" मास्तर ओरडले.

तटावर सगळ्यांनी माना वळवल्या. लढाईच्या वेळी तो शब्द तिथं कुणी कधी ऐकला नव्हता. पण ज्यांनी ऐकायचा, ते जागचे हलले नाहीत.

"अरे, मागे! डावीकडे वळा! ओढ्याकडे!"

नाहीत. आजवर त्या आवाजानं सांगितलं म्हणून त्यांचे भाईबंद डोळे मिटून मरणात चालत गेले होते. आज तो जगायला सांगत होता, आणि त्याच्यावर विश्वास ठेवायचं त्यांना काही कारण उरलं नव्हतं. मास्तरांनी स्वतःच सकाळी ते काढून घेतलं होतं. खरं सांगून.

पलीकडून पहिले बाण आले. कडेचा एक ठोंबा खाली बसला आणि आडवा झाला. त्याच्या मागच्यानं पट्टा सोडला नाही. तो तसाच वाकून उभा राहिला.

"थांबले का ते?" सरकारांचा खोल आवाज आला. "बघायला काहीच नाही यात."

"मास्तर, ओरडा की!" कारभारी वरून म्हणाले. "शब्द चुकलात! पुढे म्हणा, पुढे!"

मास्तर ओरडले नाहीत. ते जिना उतरायला लागले. अधू गुडघा घेऊन, भिंतीला धरून, उतरले. वेशीच्या मोठ्या दारात एक लहान दिंडी-दरवाजा होता, त्याचा अडसर त्यांनी काढला. पहारेकरी बघत राहिला. मास्तरांना अडवायचं असा हुकूम त्याला कुणी दिला नव्हता, आणि त्या किल्ल्यात हुकुमाशिवाय कुणी काही करत नसे. मास्तर माळावर धावले. धावले म्हणजे काय, लंगडत निघाले. बाण पडत होते. आपण किती घाबरलो आहोत याचं त्यांना मधेच नवल वाटलं. इतक्या तुकड्या त्यांनी या माळावर पाठवल्या, आणि इथं उभं राहिल्यावर कसं वाटतं हे एकदाही येऊन पाहिलं नव्हतं.

रांगेच्या पुढे शहाण्या होता. मास्तर त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले, पाठ फिरवली, आणि मागे हात करून त्याचा तो फावड्याएवढा पंजा आपल्या कमरेच्या पट्ट्यावर ठेवला. काही बोलले नाहीत. बोलण्याची किंमत त्यांना आता कळली होती.

पंजा नुसता टेकलेला राहिला. त्या पंजानं मनात आणलं असतं तर मास्तरांचा मणका काडीसारखा मोडला असता. मास्तर वाट बघत उभे राहिले. मोडला तरी तक्रार नव्हती.

मग बोटं आवळली गेली. पट्टा धरला.

मास्तर डावीकडे वळले आणि चालू लागले. त्यांच्यामागे शहाण्या, त्याच्यामागे दुसरा, अशी अख्खी रांग वळत वळत निघाली. वाकून उभा असलेला तो एकटा अजून खाली पडलेल्या सोबत्याचा पट्टा धरून होता; दोघेही तिथंच बाणांखाली राहिले. पलीकडचे तिरंदाज गोंधळले असावेत. पुढेही न येणारी, वेशीकडेही न जाणारी फौज त्यांनी कधी पाहिली नव्हती. बाण विरळ झाले, मग थांबले. तटावरूनही कुणी काही केलं नाही, कारण कारभारी त्या वेळी सरकारांना हे मुद्दामच ठरवलेलं आहे असं समजावत होते.

घळीत सावली होती. ओढ्याचं थोडं पाणी होतं. ठोंबे खाली बसले, त्यांनी डोळ्यांवर ओले पंजे ठेवले. मास्तर एका बाजूला दगडावर बसले. त्यांना कुणी जवळ बोलावलं नाही आणि ते गेले नाहीत.

ऊन कललं तशी शहाण्यानं मान वर केली. "भाऊ कुठं पडला?"

"वठलेल्या झाडाच्या अलीकडे. तिथं बाकीचेही आहेत." मास्तर उठायला लागले. "मी दाखवतो. मला जागा माहीत आहे."

"तुम्ही बसा," शहाण्या म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "आता आम्हाला दिसतं."

ते सगळे तिन्हीसांजेच्या उजेडात माळावर गेले. एवढे अवजड देह, पण पावलांचा आवाज नव्हता. किल्ल्यावरच्या पहारेकऱ्यांना पत्ताही लागला नाही. मास्तरांना घळीतून फक्त दगड दगडावर ठेवल्याचा आवाज येत होता. बराच वेळ येत होता. परत आले तेव्हा शहाण्याच्या गळ्यात वहाणा नव्हत्या. ते एकेक करून मास्तरांच्या समोरून डोंगराच्या दिशेनं गेले. मास्तर उभे राहून प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते. कुणी थांबलं नाही.

मास्तर मेव्हणीच्या घरी पोचले. बायकोनं दार उघडलं, त्यांना वरपासून खालपर्यंत चाचपून पाहिलं आणि मग विचारलं, "वाचले?"

"हे वाचले. दोघे नाही." मग ते उंबऱ्यावरच बसले. "मी काही चांगलं केलं नाही गं."

"नाही," बायको म्हणाली. "हातपाय धुवा. जेवा."

पुढे ते मेव्हणीच्याच गावात राहिले. टोपल्या विणत. आवाज खाली आला तो खालीच राहिला. शेजारच्या खोलीतल्यालाही ऐकू जाऊ नये इतका. माळावरची हकिकत हळूहळू पसरली, आणि कुणी पाहुणा आला की म्हणायचा, "मास्तर, काय हिंमत तुमची! सगळ्या तुकडीला जीवदान दिलंत!" मास्तर हातातली टोपली बाजूला ठेवत, उठत आणि परसात निघून जात.

पाहुणा ओशाळायचा. बायको त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवायची आणि म्हणायची, "त्यांच्याशी काहीही बोला, बाबा. तेवढं बोलू नका."